साडेसत्तरीची अट : अमेरिकेतल्या सक्तीच्या पैसेकाढणीची पार्श्वभूमी

निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशातून उतारवयात दरवर्षी ठरावीक रक्कम काढलीच पाहिजे, असा अमेरिकेचा कायदा आहे. १९६५ नंतर तिकडे गेलेले अनेक मराठी डॉक्टर-इंजिनिअर आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या मुलांना डिसेंबर आला की हा हिशेब बघावा लागतो.

अटीचं मूळ १९६२ सालातलं. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांसाठी तेव्हा 'कीओ' ही निवृत्ती-बचतीची योजना आली आणि मालकाने साडेसत्तराव्या वर्षापासून पैसे काढावेत, असं ठरलं. १९७४ च्या 'एरिसा' कायद्याने आयआरए, म्हणजे वैयक्तिक निवृत्ती-बचत खातं, जन्माला घातलं, त्यालाही हीच अट लागली. त्यामागचा विचार मला रास्त वाटतो. पैसे भरताना कर माफ झालेला नसतो, फक्त पैसे काढेपर्यंत पुढे ढकललेला असतो. ती सवलत म्हातारपणच्या खर्चासाठी होती, वारसांसाठी इस्टेट राखायला नव्हे. १९८६ च्या कर सुधारणेने नोकरीतल्या योजनाही एका नियमाखाली आणल्या.

गणित सोपं आहे. आदल्या ३१ डिसेंबरची शिल्लक घ्यायची आणि वयानुसार कर खात्याच्या तक्त्यात दिलेल्या आकड्याने भागायची. ७३ व्या वर्षी तो आकडा २६.५, नव्वदीत १२.२. म्हणजे चार लाख डॉलर असतील तर ७३ ला साधारण १५,१०० काढायचे, नव्वदीला जवळजवळ ३२,८००. वय वाढतं तसा काढायचा वाटा वाढतो, आणि नेमकी तेव्हाच स्मरणशक्ती दगा देऊ लागते. तरी चुकल्यास दंड होता न काढलेल्या रकमेच्या निम्मा! नव्वदीच्या माणसाला विसरण्याची एवढी शिक्षा अन्यायाचीच होती.

२००९ आणि २०२० या दोन वर्षी सक्ती स्थगित झाली. पडलेल्या बाजारात वृद्धांना शेअर विकायला लावू नयेत म्हणून. २०१९ च्या 'सिक्युअर' कायद्याने वयाची अट ७२ वर नेली. २०२२ मध्ये त्याच्या दुसऱ्या भागाने ती ७३ केली. १९६० पासून पुढे जन्मलेल्यांना ती ७५ लागेल. पण वय वाढल्याचा फायदा मुख्यतः ज्यांना त्या पैशाची निकड नाही त्यांनाच. अतिवृद्धांना खरा दिलासा मिळाला तो दंडात : ५० चे २५ टक्के झाले, आणि चूक मुदतीत सुधारली तर १० टक्के. चुकीला सबळ कारण असेल, तर फॉर्म ५३२९ भरून पूर्ण दंडमाफीही मागता येते.