विजय कोणाच्या खात्यावर?

२०१३ च्या हंगामात अमेरिकन फुटबॉलमधल्या डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, पेटन मॅनिंग याने ५५ टचडाऊन पास (ज्यावर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात पोहोचून गुण मिळतात) फेकले आणि पासवर ५,४७७ यार्ड मिळवले. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये तोवर हे आकडे कुणालाच गाठता आले नव्हते. त्याच्या संघाने साखळी सामन्यांत ६०६ गुण कुटले, तोही विक्रमच. मग सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सिॲटल सीहॉक्सच्या बचावफळीने याच संघाला ४३-८ असं लोळवलं. दोन वर्षांनी मॅनिंग ३९ वर्षांचा होता आणि दुखापतींनी जेरीस आला होता. साखळीत त्याचे टचडाऊन ९ आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले पास, म्हणजे इंटरसेप्शन, १७. मध्ये काही आठवडे त्याला बाकावरही बसवलं होतं. त्या हंगामाअखेरीस, फेब्रुवारी २०१६ मध्ये, ब्रॉन्कोजनी सुपर बोल जिंकला.

क्वार्टरबॅकची थोरवी किताबांवर मोजायची, तर हा थकलेला मॅनिंग विक्रमवीर मॅनिंगपेक्षा सरस ठरतो. हे कुणालाच पटणार नाही. तरीही सर्वांत थोर क्वार्टरबॅक कोण, हा वाद ‘कोणाकडे किती किताब’ यावरच घातला जातो.

हा खेळ फारसा न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक संघाची आक्रमणफळी वेगळी, बचावफळी वेगळी, एका वेळी मैदानात दोहोंपैकी एकच, अकरा जणांची. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं, तरच चेंडू आपल्याकडे राहतो. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की तो बाजूला जाऊन बसतो आणि आपली बचावफळी काय करते ते पाहतो. मात्र जय-पराजयाची नोंद त्याच्या नावावर होते. गोलंदाजांनी समोरच्या संघाला ११० धावांत गुंडाळावं आणि विजय सलामीवीराच्या नावावर लिहावा, तसाच हा प्रकार.

बरं, विजय बाजूला ठेवून केवळ त्याचे स्वतःचे आकडे पाहावेत, तर तिथेही बचावफळी शिरलेली असते. तो २०१६ चा अंतिम सामनाच घ्या. ब्रॉन्कोजच्या वॉन मिलरने कॅरोलायना पँथर्सच्या कॅम न्यूटनच्या हातून दोनदा चेंडू उडवला. पहिल्यांदा सहकाऱ्याने तो थेट गोलक्षेत्रातच झडप घालून पकडला, म्हणजे टचडाऊन. दुसऱ्यांदा मॅनिंगच्या फळीला चेंडू मिळाला तो गोलरेषेपासून जेमतेम चार यार्डांवर. ब्रॉन्कोज २४-१० जिंकले, पण त्यांच्या आक्रमणाने सबंध सामन्यात मिळवले अवघे १९४ यार्ड. एवढ्या कमी यार्डांवर सुपर बोल जिंकणारा दुसरा संघ नव्हता. सामनावीर मिलर ठरला, आणि ते योग्यच झालं.

याची उलटी बाजू न्यू ऑर्लिन्समध्ये दिसते. २०१६ मध्ये तिथला क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ याने ५,२०८ यार्ड पास फेकले, त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक. संघाची कामगिरी मात्र ७ विजय, ९ पराभव. त्याच्या आधीची दोन वर्षंही ७-९ अशीच गेली. बचावफळी गुण देत सुटली की संघ मागे पडतो आणि मागे पडलेल्याला चेंडू घेऊन धावत वेळ दवडणं परवडत नाही. पासवर पास फेकावे लागतात. म्हणजे फुगलेल्या यार्डांमागे कधी क्वार्टरबॅकचं कसब असतं, तर कधी स्वतःच्याच बचावफळीचा दुबळेपणा, आणि ब्रीझच्या बाबतीत बहुधा दोन्ही होतं.

या गुंत्यातून वाट काढायचा एक जुना प्रयत्न म्हणजे १९७३ पासून वापरात असलेलं पासर रेटिंग. पूर्ण झालेल्या पासचं प्रमाण, दर पासमागे यार्ड, टचडाऊन आणि इंटरसेप्शन या चार गोष्टी मिसळून ते काढतात. कमाल गुण १५८.३, असा आकडा कमाल म्हणून यावा यातच सूत्राचा ओबडधोबडपणा उघड होतो. त्याला प्रसंग कळत नाही. नऊ यार्ड हवे असताना आठ यार्डांचा पास फेकून चेंडू गमावण्याची वेळ आणणाऱ्यालाही ते शाबासकी देतं.

खरी कल्पना त्याआधीच मांडली गेली होती, आणि तीही एका क्वार्टरबॅककडून. सिनसिनाटी बेंगल्सकडून खेळणारा व्हर्जिल कार्टर आणि संशोधक रॉबर्ट मॅकॉल यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्ष सामन्यांतल्या हजारो चालींच्या नोंदींवर एक शोधनिबंध लिहिला. प्रश्न साधा होता: मैदानाच्या अमुक जागी चेंडू हाती असणं सरासरी किती गुणांचं? प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेजवळ ही किंमत भरघोस असते. स्वतःच्या गोलरेषेला चिकटून असाल तर ती शून्याच्याही खाली जाते, कारण पुढचे गुण समोरचा संघ करण्याची शक्यता जास्त. आज या ‘अपेक्षित गुणां’त कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी, किती वेळ उरला हेही धरतात. चालीआधीची किंमत आणि नंतरची किंमत यांतला फरक, ती त्या चालीची कमाई. चार यार्डांवर आयता मिळालेला चेंडू आता क्वार्टरबॅकच्या पदरात पडत नाही. त्या चालीची सुरुवातच चढ्या किमतीपासून होते.

पण हिशेब इथे मिटत नाही. कमाई अकरा जणांची आहे. पास झेलणारा, क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंद मिळवून देणारी सहकाऱ्यांची भिंत, समोरची बचावफळी, सगळ्यांचा वाटा वेगळा काढायचा तर संख्याशास्त्राला त्यांच्या जोड्या बदललेल्या दिसायला हव्यात. त्या फार बदलत नाहीत. वर्षाला सामने १७, पूर्वी तर १६च. खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमधल्या चिप त्यांची जागा सेकंदाला दहा वेळा टिपतात, त्यामुळे थोडी मदत होते.

मग नैसर्गिक प्रयोग शोधावे लागतात: क्वार्टरबॅकच काढून घेतला तर? २००७ मध्ये टॉम ब्रॅडीच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी साखळीतले सोळाही सामने जिंकले. २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि बदली मॅट कॅसलसह संघाने ११ जिंकले. मॅनिंग मुकला तो २०११ चा हंगाम. तेव्हाचा त्याचा इंडियानापोलिस कोल्ट्स संघ १० विजयांवरून २ वर आला. एकाच्या जाण्याने पाच विजयांचा फटका, दुसऱ्याच्या जाण्याने आठांचा. यावरून मॅनिंगला थोर ठरवणारे पुष्कळ आहेत, पण बदली खेळाडू सारखे नव्हते, उरलेले संघही सारखे नव्हते. हा प्रयोग दोघांपैकी श्रेष्ठ कोण ते सांगत नाही. संघाचं ओझं क्वार्टरबॅकवर किती वेगवेगळं असू शकतं, तेवढं दाखवतो.

यात पैशाचाही धागा आहे. १९९४ पासून एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. क्वार्टरबॅकला मोठा वाटा दिला की बचावासाठी तितका कमी उरतो. २०१३ मध्ये ही मर्यादा १२.३ कोटी डॉलर होती, आणि सिॲटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या फेरीत घेतलेला नवखा, वर्षाला दहा लाख डॉलरही घेत नव्हता. मॅनिंगला चिरडणारी ती बचावफळी अशा हिशेबातही बसत होती. थोर क्वार्टरबॅक आणि थोर बचावफळी दीर्घकाळ एकत्र नांदताना कमी दिसतात, याचं एक कारण हे.

फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये ब्रॅडीने ५०५ यार्ड आणि तीन टचडाऊन पास फेकले, इंटरसेप्शन एकही नाही. अखेरच्या मिनिटांत त्याच्या हातून चेंडू निसटला हे खरं, पण त्याआधी त्याच्या बचावफळीने फिलाडेल्फिया ईगल्सना मोकळं रान दिलं होतं. निकाल ४१-३३, पराभव. वर्षभराने त्याच्या नावावर टचडाऊन पास शून्य, इंटरसेप्शन एक, आणि बचावफळीच्या जोरावर लॉस एंजेलिस रॅम्सवर १३-३ असा विजय. तो त्याचा सहावा किताब. ब्रॅडी थोर का, हे कुणाला दाखवायचं झालं तर मी हरलेला सामना लावीन.