ली-एनफिल्डची संगीन, पट्टा आणि दुर्बीण : नकला आल्या कुठून?

ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्कराच्या जुन्या रायफलीच्या संगिनी, म्याने, खांद्याचे पट्टे, तेलाच्या कुप्या आणि स्नायपरच्या दुर्बिणी जमवणाऱ्यांचा बाजार प्रामुख्याने ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात आहे. भारतात .३०३ इंच हा तिच्या नळीचा व्यास ‘निषिद्ध बोअर’, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेला व्यास, असल्यामुळे येथे असा संग्रह विरळाच. या बाजारातील नकला मुळातच फसवणुकीसाठी घडवल्या गेल्या, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेकींची कथा तशी नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटनकडे शस्त्रांचा प्रचंड साठा उरला. सॅम्युअल कमिंग्ज यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या इंटरआर्म्ससारख्या कंपन्यांनी तो विकत घेतला आणि अमेरिकेत या रायफली टपालाने, अगदी स्वस्तात विकल्या. सुट्या साहित्याला तेव्हा कोणी विचारत नव्हते. १९६८ च्या अमेरिकी कायद्याने लष्करी रायफलींच्या आयातीवर बंदी घातली, पुढे जुना माल विरळ होत गेला आणि पडून राहिलेल्या पट्ट्या-कुप्यांनाही मोल आले. त्याच सुमारास युद्धप्रसंगांची हुबेहूब पुनर्रचना करणाऱ्या हौशी मंडळींना पावसात भिजवता येईल असे साहित्य हवे होते. त्यांच्यासाठी चामड्याच्या व कापडी वस्तू नव्याने बनू लागल्या. त्यांपैकी बऱ्याच भारतातच बनतात. पहिला ग्राहक नक्कल म्हणूनच ती घेतो. दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाताना कारखान्याचे नाव घासले जाते, पितळेला काळपटपणा आणला जातो आणि तीच वस्तू अस्सल म्हणून विकली जाते.

संगिनीच्या बाबतीत मात्र हेतू पहिल्यापासूनच वाईट असू शकतो. १९०७ नमुन्याच्या संगिनीला १७ इंचांचे पाते आणि सुरुवातीला मुठीपाशी खाली वळलेला आकडा होता. १९१३ मध्ये हा आकडा रद्द झाला आणि वापरातील असंख्य संगिनींवरूनही तो कापून टाकला गेला. म्हणून आकडा टिकलेली संगीन दुर्मीळ, आणि म्हणूनच साध्या संगिनीला आकडा जोडून देण्याचा उद्योग फायद्याचा ठरतो. पात्याच्या मुळाशी एका बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरे, १९०७ ही संख्या, निर्मितीचा महिना व साल आणि कारखान्याचे नाव असते. दुसऱ्या बाजूला सरकारी मालमत्तेचा बाण, तपासनिसांच्या खुणा आणि पाते वाकवून पाहिल्याची फुली. ब्रिटनमध्ये बनलेल्या संगिनीवर १९१७ चे साल आणि मुठीला आकडा असे एकत्र दिसले, तर पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही.

दुर्बिणीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९४२ पासून हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीने २६ हजारांहून अधिक ‘क्रमांक ४’ नमुन्याच्या ली-एनफिल्ड रायफली निवडून त्यांवर ‘क्रमांक ३२’ नमुन्याची दुर्बीण बसवली. दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्यावर आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या कंसावर, म्हणजे ती रायफलीवर धरून ठेवणाऱ्या धातूच्या आधारावर, ठोकला जाई. युद्धानंतर अनेक जोड्या तुटल्या, रायफल एकीकडे गेली आणि दुर्बीण दुसरीकडे. मग रिकाम्या रायफलींसाठी नवे कंस बनले आणि त्यांवर हवा तो क्रमांक ठोकणे अवघड नव्हते. जुळणारा क्रमांक हा एरवी सर्वात भक्कम पुरावा. येथे तोच सर्वात आधी संशयास्पद ठरतो.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. युद्धकाळात भारतात बनलेल्या पट्ट्यांची वीण ब्रिटिश मालापेक्षा जाडीभरडी असल्यामुळे पाश्चात्त्य संग्राहक त्यांना सर्रास नक्कल ठरवतात. त्याच काळात भारतात लांब संगिनींची पाती कापून ती १२ इंचांवर आणली गेली आणि आखूड पात्याच्या नव्या संगिनीही बनल्या. हे सारे अधिकृत काम होते, त्यावर रीतसर छाप आहेत, तरीही कापलेले पाते पाहून खरेदीदार मागे फिरतो. एकमेकांकडे टोके असलेले दोन बाण हीसुद्धा बनावटपणाची खूण नव्हे, वस्तू सेवेतून काढून विकल्याची ती नोंद आहे.

आता लेझरने खुणा कोरता येतात. हातोड्याने ठोकलेल्या छापाभोवती धातू किंचित वर उचलला जातो आणि खोली असमान राहते, तर लेझरची रेघ सर्वत्र सारख्या खोलीची व कडांना सपाट असते. साध्या भिंगाने हा फरक दिसतो, मात्र छाप पडल्यानंतर वस्तू पुन्हा घासून रंगवलेली असेल तर ठोकलेल्या छापाच्या उंचावलेल्या कडाही नाहीशा झालेल्या असतात, आणि लष्कराच्या दुरुस्ती कार्यशाळांमधून गेलेल्या साहित्यात असे वारंवार आढळते.