मागे राहिलेलं मूल: ‘फॉलो टू जॉइन’ की ‘एफ-२ए’?

आई-बाबा अमेरिकेत, दोघांच्या हातात ग्रीन कार्ड, आणि लेकरू भारतात आजी-आजोबांपाशी. अशा घरांत ‘बाळाला कधी आणायचं’ हा प्रश्न निघाला की चारचौघांकडून ठरलेला सल्ला मिळतो: आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज) भरा आणि नंबर लागेपर्यंत थांबा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. आय-१३० भरून जी वाट धरली जाते ती ‘एफ-२ए’. तिच्या शेजारीच ‘फॉलो टू जॉइन’ नावाची दुसरी वाट आहे, आणि अनेक जोडप्यांना ती आपल्यासाठी खुली आहे हेच ठाऊक नसतं. दोन्हींचा शेवट सारखाच होतो: मुलाला इमिग्रंट व्हिसा मिळतो आणि अमेरिकेत पाऊल ठेवताच ते ग्रीन कार्डधारक होतं. दोन्हींसाठी डीएस-२६० हाच ऑनलाइन फॉर्म, तशीच वैद्यकीय तपासणी आणि तशीच मुलाखत. त्यामुळे या दोन वाटांची गल्लत होते, आणि त्या गल्लतीची किंमत मुलाला मोजावी लागते.

आधी एच-४, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा, बाजूला काढू, कारण पहिला विचार त्याचाच येतो. पालक एच-१बी वर असेपर्यंत मुलाला एच-४ वर नेणं हा सरळ मार्ग असतो. पण पालकाला ग्रीन कार्ड मिळालं की त्याचा एच-१बी दर्जा संपतो, आणि ज्याच्या आधारावर एच-४ मिळायचा तो आधारच उरत नाही. बी-२, म्हणजे पर्यटक व्हिसा, हाही खरा पर्याय नाही. दोन्ही पालक कायमचे अमेरिकेत असताना त्यांचं तान्हं मूल ‘फिरून परत येईल’ हे कुठल्या अधिकाऱ्याला पटणार? शिवाय मुलाला तिथे कायम ठेवण्याचा हेतू मनात असताना पर्यटक म्हणून अर्ज करणं हे खोटं सांगणं ठरतं, आणि ते मुलाच्या नोंदीत राहतं. ही वाट धरू नये.

आता एफ-२ए. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं यांच्यासाठी हा वर्ग आहे. पालक मुलासाठी आय-१३० भरतात आणि तो अर्ज दाखल झाल्याची तारीख हीच मुलाची प्रायोरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, ठरते. वर्षाला ठराविक व्हिसे असल्यामुळे रांग असते. ती कधी लांबते, कधी नाहीशी होते. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत हा वर्ग ‘करंट’ होता, म्हणजे रांगच नव्हती. एप्रिल २०२३ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणत्या तारखेआधीच्या अर्जांना व्हिसे मिळणार हे सांगणारं अमेरिकी सरकारचं मासिक पत्रक) तारीख एकदम सप्टेंबर २०२० वर गेली. जुन्या ओळखीतला कुणी ‘आमचं तर झटपट झालं’ म्हणाला, तर तो कोणत्या वर्षाबद्दल बोलतोय हे आधी विचारावं. भारतीयांना एक दिलासा मात्र आहे. एफ-२ए मधले तीन चतुर्थांश व्हिसे देशनिहाय मर्यादेतून वगळलेले आहेत, त्यामुळे रोजगाराच्या वर्गांत भारतीयांची जशी कोंडी होते तशी इथे सहसा होत नाही.

‘फॉलो टू जॉइन’मध्ये मुलासाठी नवा आय-१३० लागत नाही. आई किंवा वडील ज्या अर्जावर ग्रीन कार्डापर्यंत पोहोचले त्याच अर्जावर, त्याच वर्गात, त्याच प्रायोरिटी डेटवर मूल मागाहून येतं. पालकाने रांगेत घालवलेली सगळी वर्षं मुलाच्या खात्यात जमा होतात. इथे ‘पालक’ म्हणजे मुख्य अर्जदार. वडिलांच्या नोकरीमुळे ग्रीन कार्ड आलं असेल आणि आई त्यांच्यासोबतची अवलंबित असेल, तर मूल वडिलांमागून येतं. रोजगाराच्या ईबी वर्गांना ही सोय आहे, भावाबहिणीच्या एफ-४ सारख्या कौटुंबिक वर्गांनाही आहे. अमेरिकन नागरिकाचा जोडीदार म्हणून ज्यांना ग्रीन कार्ड मिळालं त्यांना मात्र नाही, कारण त्या वर्गात अवलंबितांना जागाच नसते.

सगळ्यात मोठा गैरसमज पुढे आहे. ‘आमचं बाळ ग्रीन कार्डानंतर जन्मलं, मग ते आमच्या अर्जात कसं बसणार?’ असं समजून लोक ही वाट सोडून देतात. नियम तसं म्हणत नाही. नियमानुसार नातं पालकाला ग्रीन कार्ड मिळण्याआधीचं हवं. पण ग्रीन कार्ड मिळालं त्या दिवशी जे लग्न अस्तित्वात होतं, त्या लग्नातून नंतर झालेलं मूलही ‘आधीचं’च धरलं जातं. म्हणजे मुलाची जन्मतारीख निर्णायक नाही. लग्नाची तारीख आणि ग्रीन कार्डाची तारीख या दोन शेजारी ठेवून बघायच्या. लग्न आधीचं असेल तर फॉलो टू जॉइन खुलं आहे. लग्न नंतरचं असेल तर एफ-२ए शिवाय गत्यंतर नाही.

उदाहरण घेऊ. समजा, लग्न २०१९ चं. वडिलांची ईबी-२ ची (रोजगाराच्या वर्गांपैकी एक) प्रायोरिटी डेट २०१४ च्या मध्यातली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये दोघांना ग्रीन कार्ड मिळालं. काही महिन्यांनी आई बाळंतपणासाठी माहेरी आली, मुलगी झाली. रजा संपत आली म्हणून तिला आजीपाशी ठेवून आई एकटी परत गेली.

या गोष्टीत एक तिसरी, फार थोड्यांना माहीत असलेली वाट हातची गेली. ग्रीन कार्डधारक आई तात्पुरती परदेशात असताना जन्मलेलं मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत, जन्मानंतर अमेरिकेत पहिल्यांदा परतणाऱ्या पालकासोबत आलं, तर त्याला व्हिसाच लागत नाही. बाळाचा पासपोर्ट, आई-वडिलांचं नाव असलेला जन्मदाखला आणि पालकाचं ग्रीन कार्ड यावर विमानतळावर प्रवेश मिळतो. पण अट पहिल्या परतीची आहे. आई एकटी परतली की तिच्या बाजूने ही सवलत संपली. बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या प्रत्येक ग्रीन कार्डधारक बाईला तिकीट काढण्याआधी हे कुणीतरी सांगायला हवं, असं मला फार वाटतं. बाळाच्या पासपोर्टसाठी महिनाभर जास्त थांबणं हे त्यापुढे काहीच नाही.

त्या मुलीसाठी आता फॉलो टू जॉइन आहेच, कारण लग्न २०१९ चं आणि ग्रीन कार्ड २०२२ चं. पण तेच लवकर होईल असं समजू नका. मुलाला व्हिसा देताना पालकाची प्रायोरिटी डेट त्या महिन्यात ‘करंट’ असावी लागते, आणि या तारखा मागे जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये भारतासाठी ईबी-२ ची तारीख डिसेंबर २०१४ होती, त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती ऑक्टोबर २०११ वर आली. वडिलांचं काम झालं ते खिडकी उघडी असताना, मुलीच्या वेळी ती बंद. तारीख पुन्हा २०१४ च्या मध्यापर्यंत सरकेस्तोवर मुलीने थांबायचं. अशा घरासाठी एफ-२ए च जास्त जवळची ठरू शकते. उलट वडिलांची तारीख २००९ ची असती, तर फॉलो टू जॉइनने रांगेचा प्रश्नच मिटला असता. मूल दुबईत जन्मलं असेल तर आणखी वेगळं: गणना जन्मदेशावर होते, पालकांच्या नागरिकत्वावर नाही, त्यामुळे ते भारताच्या रांगेत धरलं जात नाही.

म्हणून माझं मत असं, की दोन्ही वाटा खुल्या असतील तर दोन्ही धराव्यात. तसं करायला कायद्याची आडकाठी नाही. आय-१३० ची फी जाते, पण बुलेटिन कधी कुठे वळेल हे कुणाच्या हातात नसतं, आणि रांगेतली जागा अर्ज दाखल झाल्यावरच मिळते. पालकांना अमेरिकेतच ग्रीन कार्ड मिळालं असेल तर फॉलो टू जॉइनसाठी मुख्य अर्जदाराने आय-८२४ भरायचा, म्हणजे मंजुरीची खबर कॉन्सुलेटकडे जाण्याची व्यवस्था होते. इमिग्रंट व्हिसावर भारतातून गेलेल्यांना तोही लागत नाही. त्यांनी थेट कॉन्सुलेट किंवा नॅशनल व्हिसा सेंटरशी पत्रव्यवहार करायचा. कागदपत्रांत अजून एक फरक आहे. एफ-२ए ला उत्पन्नाची हमी देणारा आय-८६४ लागतो. रोजगारातून आलेल्या पालकाच्या फॉलो टू जॉइनला तो सहसा लागत नाही.

पालक नागरिक झाल्यावर दोन्ही वाटा बदलतात. मुख्य अर्जदाराने नागरिकत्व घेतलं की फॉलो टू जॉइन संपतं, कारण ते ग्रीन कार्डधारकाच्या मागून येणं आहे. मुलासाठी स्वतंत्र आय-१३० आधीच भरलेला असेल तर तो आपोआप नागरिकाच्या मुलाच्या वर्गात जातो, तिथे रांग नाही. अठरा वर्षांखालचं मूल इमिग्रंट व्हिसावर येऊन त्या नागरिक पालकाच्या ताब्यात राहू लागलं, की २००० च्या कायद्यानुसार तेही नागरिक होतं. ग्रीन कार्डानंतर लग्न झालेल्यांनी मात्र सांभाळावं. जोडीदारासाठी एकच आय-१३० भरून मुलाला त्यातच अवलंबित म्हणून धरलेलं असेल, तर नागरिकत्व मिळताच जोडीदाराचा वर्ग बदलतो आणि अवलंबित मूल बाहेर पडतं. मुलासाठी वेगळा आय-१३० पहिल्या दिवशीच भरावा.

मूल भारतात आहे म्हणून आईनेच इथे राहायचं ठरवलं, तर तिच्या कार्डाचंही बघावं. सलग वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसत्या ग्रीन कार्डावर परत प्रवेश मिळत नाही, आणि त्यासाठीच्या री-एंट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

कोणतीही वाट धरली तरी काम अडतं ते जन्मदाखल्यावर. बारशाआधी काढलेल्या दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, आणि तोच कागद वर्षानुवर्षं फाइलमध्ये पडून राहतो. जिथे नोंद झाली त्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव घालून नवा दाखला काढा. त्यावरची आई-वडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टवरच्या नावांशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा, विशेषतः आईचं माहेरचं की सासरचं आडनाव आहे ते. विवाह नोंदणीचा दाखलाही आत्ताच काढून ठेवा. फॉलो टू जॉइन त्या दाखल्यावरच्या तारखेवरच उभं आहे.