इंदूरचा उकिरडा

गच्चीवरच्या कंपोस्टच्या ड्रमला वास यायला लागला की कुणीतरी हमखास सांगतं : सुका पाला घाला, खालीवर करा. हा सल्ला शंभरेक वर्षांपूर्वी मोजमापासकट बसवला गेला तो इंदुरात, कापसाच्या शेतावर.

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधल्या पुसाच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत आले. काम होतं गव्हाच्या जाती सुधारण्याचं. पण नुसतं चांगलं बी देऊन भागत नाही, जमीनही तशी लागते, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. आसपासचे शेतकरी औषधं न फवारता पीक कसं काढतात ते पाहत राहिले. शेतकरी आणि कीड हेच आपले प्राध्यापक, असं ते पुढे म्हणत. पत्नी गॅब्रिएल केंब्रिजला शिकलेल्या, स्वतः नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांचं काम इतकं एकात एक मिसळलेलं, की कुठलं कुणाचं हे सांगणं कठीण. तरी आज नाव घेतलं जातं ते अल्बर्ट यांचंच.

१९२४ मध्ये दोघं इंदूरला आले. कापूस समितीचा पैसा आणि होळकर दरबारची जमीन यांवर तिथे नवी संस्था उभी राहिली. अडचण जुनीच होती : शेण कमी. जे होतं त्यातलं बरंचसं गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. विकतचं खत साध्या शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. कचरा मात्र वाटेल तेवढा : तण, पालापाचोळा, उसाचं पाचट आणि कापूस वेचून उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी.

पऱ्हाटी म्हणजे जवळजवळ लाकूडच. तशीच खड्ड्यात टाकली तर महिनोन्महिने हलत नाही. ती कुटायला यंत्र आणण्याऐवजी शेतातल्या गाडीवाटेवर पसरून देत. बैलगाड्यांची चाकं आणि बैलांचे खूर तिचा चुरा करत. मग हा चुरा इतर काडीकचऱ्याबरोबर गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा. गोमूत्र त्यात मुरायचं, शिवाय गोठ्यातली भिजलेली माती खणून तीही वापरायची. मला या सगळ्या पद्धतीतलं हेच सगळ्यात आवडतं. मूत्रातलं नत्र एरवी वाया जायचं, ते इथे कामी लागलं.

पुढचं काम उथळ खड्ड्यांत, साधारण ३० फूट लांब आणि १४ फूट रुंद. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, थोडी राख, गोठ्यातली माती, पाणी. दाबायचं नाही, हवा खेळती राहिली पाहिजे. ढीग चांगलाच तापतो, बुरशी चढते, मग जिवाणूंचं काम सुरू होतं. तीनदा उलथापालथ केली की तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग. गणित एकच : सुक्या काडीत कर्ब जास्त, शेणामूत्रात नत्र जास्त, दोन्ही बेताने जमले आणि हवा मिळाली की दुर्गंधी येत नाही. आपल्या ड्रममध्ये नुसती ओली सालं असतात, तिथेच घोटाळा होतो.

यातलं सगळंच नवं नव्हतं. चीनमधले शेतकरी कचरा कुजवून शेतात परत घालायचे, ते वर्णन हॉवर्डांनी वाचलं होतं. इंदुरात त्याला प्रयोगशाळेची जोड मिळाली आणि त्या कामात त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचा मोठा हात होता. १९३१ साली शेतीतल्या टाकाऊ मालावरचं पुस्तक हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने निघालं. गॅब्रिएल १९३० मध्येच गेल्या होत्या.

हॉवर्ड १९३१ मध्ये इंग्लंडला परतले. त्यानंतर पद्धत चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोचली आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीवाल्यांनी हॉवर्डांना आपलं मानलं. पद्धतीला त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही. ज्या संस्थानाने काम करू दिलं त्याच्या नावावरून ती ‘इंदूर पद्धत’ झाली.