आधी कप्पा, मग पेटी: येशूच्या काळातलं जेरुसलेमचं थडगं

जेरुसलेमच्या भोवतालच्या डोंगरउतारांवर खडकात कोरलेली नऊशेहून जास्त थडगी आजवर नोंदली गेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकापासून इसवी सन ७०मध्ये रोमनांनी शहर जाळेपर्यंतचा काळ हा त्यांचा मुख्य काळ. यातलं जवळपास कुठलंच थडगं एका माणसासाठी नव्हतं. कुटुंब एक गुहा कोरवून घ्यायचं आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वापरायचं. त्यामुळे मृतदेह कुठे ठेवला हे कळणं सोपं; जागा पुन्हा रिकामी कशी केली, हे समजलं की थडग्याची सगळी रचना उलगडते.

जागा रिकामी करण्याची गरज जुनीच होती. यहूदाच्या राजांच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकात, खोलीच्या तीन बाजूंना खडकातच ओटे सोडलेले असत. मृतदेह ओट्यावर ठेवायचा. पुढच्या मृत्यूच्या वेळी आधीची हाडं आणि सोबतच्या वस्तू ओट्याखालच्या पोकळीत सारायच्या. हिन्नोमच्या दरीकाठी, केतेफ हिन्नोम इथे १९७९मध्ये पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल बार्काय यांना अशी एक पोकळी शाबूत सापडली. छताचा थर कोसळून खाली पसरला होता. तो तळच वाटल्याने चोरांचा हात तिथवर पोचला नव्हता. आत सुमारे ९५ माणसांची हाडं, अडीचशेहून जास्त मडकी आणि चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्या गुंडाळ्या होत्या. त्यांवर बायबलच्या गणना ग्रंथातल्या ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो’ या वचनाचे शब्द कोरलेले निघाले. ‘तो आपल्या पूर्वजांस जाऊन मिळाला’ हे बायबलमधलं वाक्य इथे अगदी शब्दशः खरं होत होतं: बापजाद्यांच्या हाडांच्या ढिगात त्याचीही हाडं जात.

येशूच्या काळापर्यंत ओट्यांची जागा भिंतीत आत घुसणाऱ्या अरुंद, लांब कप्प्यांनी घेतली. याला हिब्रूत ‘कोख’ म्हणतात. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू कायद्याच्या ग्रंथात थडगं कोरून देण्याचा मक्ता घेणाऱ्यासाठी मापंच दिली आहेत. खोली ४ हात बाय ६ हात. त्यात ८ कप्पे: दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि समोर दोन. प्रत्येक कप्पा ४ हात खोल, ६ मुठी रुंद, ७ मुठी उंच. म्हणजे साधारण २ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद. दुसऱ्या एका रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मपंडिताने, खोली ६ बाय ८ हात आणि कप्पे १३ असावेत असं म्हटलं. तिसऱ्याने एका वाक्यात वाद मिटवला: सगळं खडकावर अवलंबून आहे. प्रत्यक्ष उत्खननं बघितली की हा तिसराच पाथरवटांना जवळून ओळखत असावा, असं वाटतं. कुठे खडकाला चीर लागली म्हणून कप्पा अर्ध्यावर सोडलेला दिसतो, कुठे शेजारच्या कप्प्यात भोक पडू नये म्हणून तिरका नेलेला, कुठे जुन्या थडग्याची भिंत फुटून दोन कुटुंबांची सीमाच पुसली गेलेली.

कोरणाऱ्याची खरी हुशारी खोलीच्या जमिनीत दिसते. सगळी खोली माणसाच्या उंचीची कोरायची तर कितीतरी दगड जादा काढावा लागला असता. म्हणून मध्यभागी फक्त एक चौकोनी खड्डा घेत. त्यात उभं राहता यायचं, आणि भोवती तिन्ही बाजूंना कट्टा राहायचा. कप्प्यांची तोंडं या कट्ट्याच्या पातळीला येत. मृतदेह आधी कट्ट्यावर टेकवायचा आणि मग आत सरकवायचा. प्रवेशद्वार मुद्दामच एवढंसं ठेवत, की वाकून किंवा रांगतच आत जावं लागे. दार लहान म्हणजे ते बंद करणारा दगडही लहान, आणि जनावरांना आत शिरणं अवघड.

हा दगड म्हटला की डोळ्यांसमोर जात्याच्या पाळीसारखा गोल, गडगडत नेण्याचा दगड येतो. पुरातत्त्वज्ञ आमोस क्लोनर यांनी या नऊशेवर थडग्यांची पाहणी केली, तेव्हा त्या काळातले असे गोल दगड फक्त चार थडग्यांना होते, आणि ती चारही बड्या श्रीमंतांची. त्यातलं एक अदियाबेने या मेसोपोटेमियातल्या राज्याच्या हेलेना राणीचं. बाकी सगळीकडे चौकोनी दगड. आतला भाग दारात घट्ट बसेल असा आणि बाहेर कडा ठेवलेला, बाटलीच्या बुचासारखा.

मृत्यू झाला की दफन शक्यतो त्याच दिवशी. डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, अंग धुवायचं, तेल लावायचं, कापडात गुंडाळायचं. शब्बाथ, म्हणजे कामं वर्ज्य असलेला शनिवार, आडवा आला तर धुणं आणि तेल लावणं चालत असे, पण अवयव हलवायचा नाही. अंगाखालची गादी ओढून घ्यायची, म्हणजे देह वाळूवर टेकेल आणि जरा टिकेल. थडग्यांत तेला-अत्तराच्या लहान कुप्या आणि दिवे हमखास सापडतात, कारण आधीचा देह अजून कुजत असतानाच नवा घेऊन आत जायची वेळ येई. पहिले तीन दिवस थडग्यावर जाऊन माणूस खरंच मेला आहे ना, हे बघण्याचीही रीत होती. दफनविधींवरच्या सेमाखोत या ग्रंथात अशा तपासणीत जिवंत निघालेल्या एका माणसाची गोष्ट आहे. तो म्हणे पुढे पंचवीस वर्षं जगला.

मग साधारण वर्षभर थांबायचं. मांस गळून हाडं सुटी झाली की दुसरं दफन. आपल्याकडच्या अस्थिसंचयाशी याचं नातं लावायचा मोह होतो, पण इथे अग्नीचं काम हवा आणि काळ करतात, आणि अस्थी विसर्जित न होता पेटीत जातात. ही पेटी मऊ, खडूसारख्या चुनखडकाच्या एका अखंड ठोकळ्यातून पोखरलेली असे. सर्वसाधारण माप ६० सेंमी लांब, ३५ सेंमी उंच, ३० सेंमी रुंद. लांबी ठरते मांडीच्या हाडावरून, कारण शरीरातलं ते सगळ्यात लांब हाड. रुंदी-उंची कवटी बसेल इतकी. लहान मुलांच्या पेट्या त्या मानाने छोट्या.

पेटीवरची नक्षी बहुधा सहा पाकळ्यांच्या फुलांची. ती कर्काटकाने आखत. मधलं टोक रुतल्याचं छिद्र अजून दिसतं. नावं मात्र या सफाईदार नक्षीशी अजिबात न जुळणारी: नातेवाइकांनी थडग्यातच खिळ्याने किंवा टोकदार वस्तूने खरवडलेली, वाकडी, कधी नक्षीवरूनच गेलेली. ओळखीपुरतं नाव, बस. काही पेट्यांवर आणि झाकणांवर जुळत्या खुणा असतात, झाकण कुठल्या बाजूने बसवायचं ते कळावं म्हणून.

सेमाखोतमध्ये एक बाप मुलाला सांगतो: आधी मला खाली पूर, नंतर हाडं गोळा करून पेटीत ठेव, पण तुझ्या स्वतःच्या हातांनी गोळा करू नकोस. दुसऱ्या कुणी गोळा केली की घोटाळे आलेच. बोटांची हाडं मागे राहतात, शेजारच्या कप्प्यातला दात येतो. १९९०मध्ये सापडलेल्या ‘योसेफ बर कयफा’ (बहुधा येशूच्या खटल्यातला महायाजक कयफा) या नावाच्या सुंदर पेटीत सहा जणांची हाडं होती: दोन तान्ही बाळं, एक लहान मूल, एक किशोर, एक स्त्री आणि साठीचा एक पुरुष. नाव एकाचं, पेटी घराची.

हा पेट्यांचा प्रकार इसवी सनापूर्वी २०च्या सुमारास सुरू झाला. पुनरुत्थानावरच्या, म्हणजे मेलेले पुन्हा जिवंत उठतील या श्रद्धेमुळे प्रत्येकाची हाडं वेगळी जपू लागले, असं एक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. मला ते पटत नाही. कयफा ज्यांच्यातला होता ते मुख्य याजकांचे वर्तुळ सदूकी या ज्यू पंथाच्या मताचे, आणि सदूकी पुनरुत्थान मानत नसत. शिवाय सहा जण एकत्र भरले की वेगळेपण उरतं कुठे? हेरोद राजाच्या बांधकामांमुळे शहरात कसबी पाथरवट भरपूर होते आणि रोमन श्रीमंतांच्या रक्षापेट्यांची फॅशन होती, हे कारण जास्त साधं आहे.

पेट्यांमधूनच वैद्यकीय पुरावे हाती येतात. १९६८मध्ये जेरुसलेममधल्या गिवात हामिवतार इथे येहोहानान नावाच्या माणसाच्या पेटीत टाचेचं हाड निघालं, आरपार ११.५ सेंमीचा लोखंडी खिळा असलेलं. खिळ्याचं टोक वाकलं होतं, बहुधा लाकडातल्या गाठीवर. तो निघेना म्हणून तसाच पुरला गेला. क्रुसावर दिलेल्या माणसालाही कुटुंबाच्या थडग्यात जागा मिळू शकत होती, हे त्यावरून कळतं. उलट जेरुसलेममधल्याच हकेल्दमा इथे २०००मध्ये एका कप्प्याचं तोंड गिलाव्याने पक्कं लिंपलेलं सापडलं. आत कापडाचे अवशेष होते आणि हाडं पेटीत हलवलीच नव्हती. २००९मध्ये डीएनए तपासणीत त्या माणसाला क्षय आणि कुष्ठरोग दोन्ही असल्याचं दिसलं. तो कप्पा कुणाला पुन्हा उघडायचा नसावा, हे समजण्यासारखं आहे.

थडग्यांना बाहेरून खुणेसाठी चुना फासत; त्यामागे शोभेचा हेतू नव्हता. थडग्याला स्पर्श झाला की माणूस सात दिवस अशुद्ध. मग वल्हांडण या ज्यूंच्या वसंतातल्या सणाला आलेल्या यात्रेकरूला मंदिरात जाता येणार नाही. पावसाळ्यात चुना धुपून जाई, म्हणून पाऊस ओसरल्यावर, अदार या ज्यू महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे सणाच्या महिनाभर आधी, खुणा पुन्हा रंगवत. मत्तयच्या शुभवर्तमानातली ‘चुना लावलेली थडगी’ ही शिवी ऐकणाऱ्यांनी ते ताजे पांढरे पट्टे डोळ्यांनी बघितलेले असणार.

खडक कोरवणं अर्थातच पैसेवाल्यांचं काम. बाकीच्यांसाठी साधा चर: दीड-दोन मीटर खोल खणायचा, तळाशी देह ठेवायचा, वर दगडी फरश्या किंवा कच्च्या विटा आडव्या लावून माती लोटायची. मृत समुद्राकाठच्या कुमरानजवळ अशा हजारावर कबरी ओळीने आहेत, प्रत्येकीत बहुधा एकच माणूस. जेरुसलेमलाही बेत सफाफा भागात तशाच सापडल्या. वर दगडांचा ढीग असेल तर तो शेतकऱ्याने उचलला किंवा पावसाने पसरवला की कबर दिसेनाशी होते. त्यामुळे शहरातल्या बहुसंख्य माणसांचं दफन आपल्या नोंदीत जवळजवळ नाहीच. आपण ज्यांची हाडं मोजतो ते पाथरवटाची मजुरी देऊ शकणारे थोडे लोक.