टेको (फॉन्ट)

टेको हा देवनागरी आणि रोमन लिपींचा अरुंद, मथळ्यांसाठीचा फॉन्ट. रेखन मनुषी पारिख यांचे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा असल्यामुळे छपाईत किंवा वेबसाइटवर वापरायला पैसे लागत नाहीत. लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड आणि बोल्ड अशा पाच जाडी आहेत (जाडीच्या आकड्यांत ३०० ते ७००).

त्याची वळणे गोलाईपेक्षा चौकटीकडे झुकलेली आहेत. रोमन ‘ओ’ हा कोपरे घासलेला उभा आयतच वाटतो. रेघांची जाडी जवळपास सगळीकडे सारखी आणि बाजू सरळ, म्हणून अक्षरे एकमेकांना खेटून बसतात व तेवढ्याच रुंदीत मथळा मोठा घेता येतो.

साधा फॉन्ट आडवा दाबून हे साधत नाही. रुंदी ७० टक्के केली की काना ७० टक्के जाडीचा उरतो, शिरोरेषा मात्र आहे तेवढीच राहते. ‘विद्यार्थी’ असा दाबून पाहावा: डोक्यावर जाड पट्टी आणि खाली काटक्या. अरुंद फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराच्या उभ्या-आडव्या रेघा नव्याने तोलाव्या लागतात.

लांब मथळ्याला रेग्युलर ते सेमीबोल्ड पुरे. बोल्ड एक-दोन शब्दांपुरताच. मजकुराच्या आकारात टेको वापरूच नये, कारण ध, घ, भ यांच्यातल्या आधीच चिंचोळ्या मोकळ्या जागा बुजतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक अक्षरांमधल्या अंतराची. रोमन मथळा ऐसपैस दिसावा म्हणून दिलेले अंतर देवनागरीलाही लागू होते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. देवनागरीसाठी ते शून्यच ठेवावे. दोन ओळींच्या मथळ्यात वरच्या ओळीतला ‘कृ’ खालच्या ‘र्थीं’च्या रफार-अनुस्वाराला भिडतो; तेव्हा ओळींतले अंतर अशीच अक्षरे घेऊन ठरवावे, ‘कमल’सारख्या सपाट शब्दावर नव्हे. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ॲप’ हेही आधी टाइप करून पाहावेत. मराठीची गैरसोय बहुधा इथेच उघडी पडते.

वेबसाइटवर फक्त रोमन अक्षरांची फाइल जोडली गेली, तर मराठी मथळा मुकाट्याने यंत्रातल्या दुसऱ्याच फॉन्टमध्ये उमटतो आणि मोजून बसवलेली ओळ तुटते.