गंजाची खोली आणि गंजाची लांबी

‘लोखंडच ते, जुनं झालं की फुटणारच!’ आमच्या सोसायटीच्या सभेत पाइप गॅसचा विषय निघाला तेव्हा एका काकांनी ठणकावून सांगितलं. मी गप्प बसलो. उत्तर द्यायला फळा लागला असता.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबादजवळ 19 ऑगस्ट 2000 च्या पहाटे गॅसची मोठी वाहिनी फुटली आणि पेकोस नदीकाठी मुक्कामाला आलेली 12 माणसं गेली. वाहिनी 1950 ची, व्यास 30 इंच, भिंत साडेआठ मिलिमीटर जाड. सखल भागात पाणी साचून ती आतून गंजली होती. सर्वांत वाईट जागी 72 टक्के पोलाद गेलेलं, म्हणजे उरलं जेमतेम अडीच मिलिमीटर!

पण नुसत्या खोलीवरून अंदाज बांधता येत नाही. आतला वायू पाइपला घेराच्या दिशेने जितका ताणतो, त्याच्या निम्माच लांबीच्या दिशेने ताणतो. म्हणून पाइप शेंगेसारखा उभा उकलतो. गंजलेली जागा जुन्या सायकलट्यूबसारखी फुगू बघते. खड्डा आखूड असेल तर शेजारचं धडधाकट पोलाद तिला धरून ठेवतं. लांबलचक असेल तर मधल्या भागाला धरणार कोण?

लांब म्हणजे किती, ते व्यास आणि जाडी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ सांगतं. या वाहिनीसाठी ते साधारण 80 मिलिमीटर येतं. गंजलेल्या पाइपची उरलेली ताकद काढणाऱ्या बी31जी या प्रचलित सूत्रात मी आकडे घालून पाहिले. निम्म्या जाडीइतका खोल खड्डा 4 सेंटीमीटर लांब असेल तर ताकद सुमारे 4 टक्क्यांनी घटते, 32 सेंटीमीटर असेल तर सुमारे 27 टक्क्यांनी. खोली दोन्हीकडे तीच! एआय म्हणे आता फुटण्याची तारीखच सांगणार. पंचांगवालेही सांगतात. खड्ड्याची मापं नीट घेतलेली नसतील तर दोघांत फारसा फरक नाही.

भेगेचं गणित निराळं. कापडवाला काठाला कात्रीने बोटभर चीर देतो आणि टर्रकन ठाण फाडतो. सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा झालेला असतो. टोक जितकं अणकुचीदार, तितका तो जास्त. त्यामुळे तेवढ्याच खोलीच्या बोथट खड्ड्यापेक्षा भेग घातक. शिवाय ती दिसतही नाही. वाहिनीतून धावणारा, ‘पिग’ म्हणतात तो चुंबकी तपासनीस खड्डे छान टिपतो, पण त्याच्या चुंबकरेषा बहुधा पाइपच्या लांबीच्या दिशेने जातात. उभी, केसासारखी भेग त्यांना समांतर पडते आणि निसटते. अल्ट्रासाउंड वापरावं तर गॅसमधून ते भिंतीपर्यंत नीट पोहोचत नाही. मग चुंबक आणि वीज वापरून थेट पोलादातच ध्वनिलहरी उठवणारे पिग सोडावे लागतात.